होडीतलं तुळशीवृंदावन

दरवर्षी एप्रिल सरत आला की पळसदेवहून माझ्या धाकट्या बहिणीचा, कुसुमचा, फोन येतो. "दादा, देवळाचा कळस निघाला. येतोस न्हवं?" एवढंच बोलते आणि ठेवून देते. उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलं की जुन्या गावचं बुडालेलं देऊळ आधी कळस बाहेर काढतं, मग खांदे, मग कंबर. एखाद्या म्हाताऱ्यानं नदीत मनसोक्त डुंबून सावकाश उठावं, तसं. मी बारामतीत दुकानात असतो. समोर विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी पडलेल्या, हातात तांब्याची तार. मोटारी भरणं हे माझं काम. वेढे मोजून घालावे लागतात, एक चुकला तरी मोटार पुन्हा जळते. फोन आला त्या दिवशी एक तरी मोटार मी चुकीची भरतो आणि दोष विजेला देतो.

मला ओळखणारे इथवर वाचूनच हसायला लागले असतील. माझ्या तोंडून निघालेली गोष्ट निम्मी करून घ्यावी आणि उरलेल्यातलं निम्मं शेजाऱ्याला द्यावं, असा आमच्या आळीत रिवाजच आहे. माझी तक्रार नाही. फुगवून सांगणं हा माझा धंदा नाही, हौस आहे. धंद्यात खोट येते, हौसेत येत नाही. पण आज जे लिहायला बसलोय ते मी पंचवीसेक वर्षं फुगवून बघितलं. फुगत नाही. पंक्चरच्या ट्यूबसारखं हातात लोळागोळा होऊन पडतं. तेव्हा आहे तसंच देतो. एवढं एक निम्मं करू नका.

तो उन्हाळा नव्वदीच्या मधला. नेमकं साल विचारू नका, पण दुकानात तेव्हा नुकताच फोन आला होता आणि तो वाजला की गिऱ्हाइकं मोटार सोडून त्याच्याकडं बघत बसायची. ऊन असं की निमगाव केतकीच्या बाजारात उघड्यावर मांडलेली कलिंगडं दुपारी आपणहून सावलीला सरकायची. (हे मात्र निम्मं करा.) पाणी रोज हात-हातभर मागं जायचं आणि मागं काळा, मऊ गाळ सोडायचं. त्या गाळाचा वास मला अजून कुठंही बसल्या जागी आणता येतो: ओल्या पाटीचा, शेवाळाचा, चिलापी माशाच्या खवल्यांचा आणि त्यातच मधे कुठून तरी गाळपेरीतल्या कोवळ्या काकडीचा. उथळ पाण्यात लांब पायांचे पक्षी चष्मा हरवल्यासारखे मान घालून काहीतरी शोधत उभे असायचे. बाभळीचे बुंधे वर यायचे, घरांची जोती यायची, एखादा पाटा किंवा अर्धं जातं यायचं. बुडालेलं गाव दरवर्षी महिनाभर माहेरपणाला यावं तसं यायचं आणि पाऊस लागला की पुन्हा खाली जायचं.

कुसुमचे मालक, आमचे दाजी, त्या जुन्या गावात वाढलेले. धरण भरलं, शेत पाण्याखाली गेलं, तेव्हा त्यांनी नांगर ठेवला आणि जाळं उचललं. पण पाण्यावरही ते गावातूनच चालायचे. मी होडीत बसलो की सांगायचे, "आता वेस आली. हितनं उजवीकडं चावडी. जरा पाय वर घ्या पाव्हणं, खाली आमच्या चुलत्याचं जोतं हाय." मी पाण्यात बघायचो, पाणी नुसतं पाणीच. दाजींना मात्र खालचा बोळ न् बोळ दिसायचा. आणि माणूस असा खरा, की मासा आजचा की कालचा, हे गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगून मोकळा. त्यामुळं कालचा मासा कधी विकला गेला नाही. तो कायम घरच्यांनाच खावा लागला. आमच्या दोघांची सोयरीक जुळवणारानं डोळे मिटूनच जुळवली असणार. एक थेंबही न सांडणारा आणि एक सारखा उतू जाणारा.

त्या उन्हाळ्यात दाजींच्या जुन्या होडीचा तळ पापडासारखा झाला होता. पत्र्याची होडी, कितीदा डांबर फासलं तरी गंज आतून खातच होता. होडी घेतली नाही तर दुसऱ्याच्या होडीवर वाट्यानं जाळं ओढायला जायचं, एवढाच मार्ग होता. आणि जो माणूस पाण्याखालच्या बोळातून आपल्या मर्जीनं फिरतो, त्याला दुसऱ्याच्या होडीत पाठमोरं बसवणं म्हणजे काय, हे मला तेव्हाही कळत होतं. घरात विकण्यासारखी एकच वस्तू होती: चंद्री म्हैस. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून चंद्री. कुसुमच्या हाताशिवाय पान्हा न सोडणारी. घरातला चहा, बाजारातलं मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, सगळं चंद्रीच्या आचळातून यायचं. ती देऊन होडी घ्यायची असं ठरलं. एकदाच घ्यायची, चुकायला जागा नव्हती.

दाजींनी गावातच एक होडी बघून ठेवली होती. एका थकलेल्या म्हाताऱ्याची, पत्र्याची, तीन ठिगळांची, दिसायला जत्रेत तुडवलेल्या डब्यासारखी. आमच्याकडं जुनी होडी घेताना ती पाण्यात सोडून बघत नाहीत. पाणी तिच्यात भरून बघतात. काठावर चार दगडांवर ठेवायची, आत काठोकाठ पाणी ओतायचं आणि खाली वाकून कुठून ठिबकतंय ते शोधायचं. दाजी कमरेच्या चंचीतली चुन्याची डबी घेऊन होडीखाली झोपले आणि जिथं थेंब दिसला तिथं बोटानं चुन्याचा ठिपका लावत गेले. उठले तेव्हा सदऱ्यावर, मिशीवर पाणी.

"चार हायत," म्हणाले. "चारी दिसत्यात. दिसणाऱ्या भोकाचं भ्या न्हाय."

तिथंच थांबायचं होतं. पण त्या दिवशी मी हजर होतो आणि मी हजर असताना गोष्ट साधी राहत नाही. मी म्हणालो, "दाजी, किती दिवस पत्रा बडवणार? बावड्याला एक होडी हाय. फायबरची. मधोमध उभं राहून ट्रॅक्टरसारखं स्टेरिंग फिरवायचं. मागं इंजिन. वल्ह्याची कटकटच न्हाय."

"त्यातलं आपल्याला काय कळतंय?"

"मला कळतंय की!"

आणि इथं तुम्हाला माझी कोकणातली दोन वर्षं सांगायला हवीत. गावोगाव सगळ्यांना ठाऊक होती ती. मी तरुणपणी बंदरावर होतो, मोठमोठ्या लाँचांची इंजिनं माझ्या हाताखालून गेली, एकदा तर एवढा मासा बघितला की त्याच्या सावलीत चार होड्या दुपारच्या विसावल्या होत्या. खरं एवढंच की एका बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मोटार भरायला मी गेलो होतो. अकरा दिवस. त्यातले तीन पोट बिघडून गेले. लाँच मी धक्क्यावरून बघितली आणि पाण्यात पाय घातला तो चप्पल धुवायला. या अकरा दिवसांची दोन वर्षं मी कधी केली, मला आठवत नाही. दरवेळी थोडी थोडी वाढत गेली. दाजींनी त्यातलं निम्मं करून एक वर्ष धरलं असणार. त्यांच्यासारख्या माणसाला खरं निम्म्याच्याही इतकं खाली असेल, हे सुचणार नाही.

बावड्याचे बापूसाहेब बागाईतदार. मुंबईकडच्या कुणा हौशी माणसाकडून त्यांनी ती होडी पाहुण्यांना फिरवायला घेतली होती. दोनदा फिरवली आणि मग लिंबाखाली ठेवून दिली. तीन पावसाळे ती तिथं आभाळाकडं तोंड करून पडली होती. त्यांच्या विहिरीची मोटार न्यायला गेलो तेव्हा मी ती बघितली होती. पांढरी, कडेनं निळा पट्टा, आणि मधोमध छातीएवढा उंच खांब, त्यावर काळं चाक. त्या चाकामागं एकदा उभा राहिलो आणि मला समोर ऊस दिसेना. समुद्र दिसायला लागला.

चंद्रीला टेम्पोत घालून आम्ही गेलो. ती कुसुमशिवाय चढेना, म्हणून कुसुम आली. घरची लक्ष्मी कुठल्या गोठ्यात चालली ते बघायचं, म्हणून दाजींची आई, सरूआई, आली. बापूसाहेबांनी मला लांबूनच हाक दिली, "या, या, इंजिनिअरसाहेब!" लोखंडी खुर्ची एकच होती, ती त्यांनी स्वतःच्या धोतरानं पुसून माझ्यासाठी ठेवली. माझे बाप-आजे त्या खुर्चीत बसलेले मला दिसायला लागले.

होडीभोवती सगळे फिरले. कुसुमनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "दादा, होडीच्या मधोमध ह्ये तुळशीवृंदावन कशाला रं?"

सगळे हसले, मीही हसलो. "अगं, त्याच्यामागं उभं राहून हाकायची. चहूबाजूंनी फिरायला मोकळं. साहेब लोक गळ घेऊन सगळीकडनं मासे धरत्यात."

दाजी खांबाकडं बघत म्हणाले, "आन जाळं कुठं ठिवायचं?"

किती साधा प्रश्न होता. जाळ्याच्या होडीचा मध मोकळाच लागतो; ओढलेलं जाळं तिथं ढिगानं पडतं आणि तिथूनच सुटतं. होडीत एकदाही जाळं न ओढलेल्या माणसाला हे कळत नाही. मी म्हणालो, "फुडं ठिवायचं की!" दाजींनी मान हलवली आणि चुन्याची डबी काढून पाणी कुठं मिळेल ते बघायला लागले.

बापूसाहेब खदखदून हसले. "अहो, एवढा बंदर बघितलेला माणूस बरुबर आणलाय, आन पाणी ओतून बघताय? हा इंजिनिअरसाहेबांचा अपमान हाय."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या दाजी. फायबरला तसं करत न्हाईत." डबी पुन्हा चंचीत गेली.

सरूआई मात्र कुणाला विचारणारी बाई नव्हती. तिनं आयुष्यभर मडकी, घागरी, माठ घेतले ते बोटाच्या पेरानं वाजवून. कुंभार कितीही शपथा घालो, मडक्यानं स्वतः टण्ण म्हटल्याशिवाय ती चुंबळ डोक्यावर ठेवायची नाही. ती वाकली आणि होडी वाजवत निघाली. पुढच्या टोकाला टण्ण. कडेला टण्ण. मग आत झुकून खांबाच्या बुडाशी वाजवलं. बद्द. मागं जिथं इंजिन टांगलं होतं ती फळी वाजवली. बद्द.

"भिजल्या मडक्यावानी वाजतंय," म्हणाली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खुर्चीतून उठलो, सावकाश, जाणत्यासारखा. खांबाच्या बुडाशी पेरानं ठोकलं. मागच्या फळीवर ठोकलं. आणि मला ऐकू आलं. हे मला लिहायचं होतं, यासाठीच एवढं लिहिलं. मी मोटारी भरणारा माणूस आहे; बेअरिंग गेलेली मोटार मी रस्त्यानं जाता जाता आवाजावरून सांगतो. तोंड कितीही खोटं असलं तरी माझा कान खरा आहे. म्हातारीनं जे ऐकलं तेच मी ऐकलं. आत ओल होती. लाकूड मेलेलं होतं.

आणि मी म्हणालो, "सरूआई, फायबर म्हंजी माती न्हवं. ह्याच्या पोटात फोम असतोय. फोम आवाज पितो. कोकणात ज्या होड्या असं वाजत्यात त्याच एक नंबर."

फोम आवाज पितो! ते वाक्य मी आधी तयार केलेलं नव्हतं. तिथं उभ्या उभ्या सुचलं, आणि खरं सांगतो, सुचल्याचा मला आनंद झाला. बापूसाहेबांनी तर मांडीवर थाप मारली. म्हातारीनं हात मागं घेतला. माणसांनी खोडलेला आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला असेल.

दाजी म्हणाले, "तुमी म्हणताय म्हंजी झालं, पाव्हणं."

चंद्रीला बापूसाहेबांच्या गोठ्यात बांधलं. म्हैस द्यायची पण दावं द्यायचं नसतं, घरची लक्ष्मी सगळी जाते म्हणतात. कुसुमनं तिच्या गळ्यातलं दावं सोडलं, मनगटाला गुंडाळलं आणि परत येईपर्यंत टेम्पोत कुणाशी बोलली नाही. मी मात्र बोलत होतो. सारा रस्ता बोलत होतो.

ट्रॉलीवरून होडी पळसदेवात उतरली तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. खांबाला हळदकुंकू लागलं, चाकाला हार पडला. कुसुमनं चंद्रीचं दावं होडीच्या पुढच्या कडीला बांधलं. खुंटीवर रिकामं बघवत नाही म्हणाली. पहिली फेरी मी मारली. दाजी पुढं बसून "डावीकडं, डावीकडं, चावडीचा कट्टा हाय" म्हणत होते आणि मी "दिसतोय, दिसतोय" म्हणत तिथंच नेली. थेट चावडीवर होडी लावणारा इंदापूर तालुक्यात मी पहिलाच. तेव्हा सगळे हसले. घरी आल्यावर मी दाजींची वल्ही पडवीच्या आढ्याला टांगून टाकली. "आता ही शोभेला," म्हणालो.

पुढचं मी बघितलं नाही, कुसुमनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. जाळं दरवेळी त्या खांबाला अडकायचं. चाकाला, दांड्याला, खिळ्याला. अंधारात सुटेना तेव्हा दाजी दातांनी सोडवायचे. बोटं चिरली. आणि होडी रोज बोटभर खाली बसायला लागली. आत थेंबही पाणी दिसायचं नाही. पत्र्याच्या होडीत पाणी आलं तर डब्यानं उपसता येतं. हिचं पाणी दोन तळांच्या मधे, फोमच्या पोटात. फोमनं आवाज प्यायलाच नव्हता. तीन पावसाळे तो पाणी पीत पडला होता आणि आता उजनी प्यायला लागला होता. दाजींनी तक्रार केली नाही. पाव्हणं म्हणाले म्हणजे एक नंबरच असणार, आपल्यालाच हाकायला येत नसणार, असं त्यांना वाटत होतं.

मे संपता संपता वळवाचं वारं सुटलं. दुपारची वेळ, पाणी मातीच्या रंगाचं झालं, लाटा उलट्यासुलट्या. दाजी भर पाण्यात होते. इंजिननं जोर केला आणि मागची फळी भिजल्या भाकरीसारखी तुटली. इंजिन फळीसकट खाली गेलं. होडी आडवी फिरली. दाजींनी धरायला म्हणून खांब धरला, तर तो बुडासकट उपटून हातात आला. वल्ही घरी, आढ्याला, शोभेला. माशांच्या पेटीचं झाकण काढून ते त्यानं पाणी मारत राहिले. गाव खाली कुठं आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून देवळाकडं सरकत गेले. लाटांतून त्याचा कळस तेवढा वर दिसत होता. त्यांनी पुढच्या कडीचं दावं सोडलं आणि होडी कळसाला बांधली. चंद्रीच्या दाव्यानं. आणि वारं पडेपर्यंत दोन्ही हातांनी देवळाला मिठी मारून बसले.

कुसुम काठावर उभी होती. तिला एक पांढरा ठिपका दिसत होता, लाटेमागं जाणारा, पुन्हा वर येणारा. ती म्हणते, किती वेळ ते सांगता यायचं नाही. माझ्या बहिणीला फुगवून सांगता येत नाही, म्हणून तिच्या त्या वाक्यापाशी मी दरवेळी अडखळतो. मी तेवढा वेळ बारामतीत होतो आणि चहाच्या टपरीवर फायबरच्या होडीचे गुण सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. होडी ट्रॅक्टरनं ओढून काठावर आणली होती. कुणीतरी पहारीनं आतला तळ फोडला आणि काळं पाणी भळाभळा वाहायला लागलं, थांबेचना. त्यात लाकडाचा भुगा, मेलेले किडे. दर्प असा की कुत्री मागं सरली. गर्दीतला एकजण म्हणाला, "आरं, कुठल्या शहाण्यानं पसंत केली ही?"

मी तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा आत काहीच नव्हतं.

तेव्हा दाजी बोलले. अंगावर घोंगडं, हाताला चिंध्या बांधलेल्या. "मीच. पाव्हणं नको म्हणत हुतं. बद्द वाजतंय म्हणाले. मीच ऐकलं न्हाय."

कालचा मासा आजचा म्हणून न विकणारा माणूस! सरूआईनं मान खाली घातली. कुसुम माझ्याकडं बघत राहिली. आणि मी काय केलं? मी मान हलवली. नुसती हलवली नाही, उसासा टाकून हलवली. 'सांगून ऐकलं नाही, आता काय बोलायचं' असा तो उसासा होता. आजही कधी मोटार खोलताना आतून तसाच आवाज येतो, तेव्हा माझे कान तापतात.

बरं, तिथं तरी थांबावं? बारामतीत आल्यावर मी ती गोष्ट सांगायला लागलो. दाजींनी दिलेलं खोटं माझ्या हातात आयतं आलं होतं. मी त्याला हात, पाय, मिशा लावल्या. मी कसा वाजवून बघितलं, कसा म्हणालो की दाजी ह्यात पाणी हाय, बापूसाहेबांचा चेहरा कसा पडला. लोक जुना पंप, जुना ट्रॅक्टर घ्यायला मला बरोबर न्यायला लागले. "ह्यांनी वाजवला म्हंजी झालं!" एकदा निमगावात लग्नाच्या पंगतीत मी हेच रंगवत होतो. पाणी वाढणारं कुणीतरी मागून आलं, माझा पेला भरला. मी बोलत होतो. पेला भरून वाहिला, पाणी पत्रावळीवर आलं, बुंदी तरंगायला लागली, तरी धार थांबेना. वर बघितलं तर कुसुम. तांब्या रिकामा झाल्यावर तो भरायला गेली.

दाजी चार-पाच वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर गेले. पाठमोरे बसून जाळं ओढायचे. म्हणे कधी कधी नकळत तोंडातून जायचं, "आता चावडी आली," आणि होडीवाला म्हणायचा, "गप वढा की." मग केव्हातरी त्यांनी पुन्हा पत्र्याची होडी घेतली, चुन्याचे ठिपके लावून. मला बोलावलं नव्हतं.

फुटकी होडी परसात उपडी पडली, तिच्याखाली कोंबड्या बसायला लागल्या. खांब कुसुमनं अंगणात रोवला. पोकळ होता, वरून माती भरली आणि त्यात गवती चहा लावला. त्या वर्षांत मी गेलो की ती उठायची, खांबापाशी जाऊन दोन पाती तोडायची आणि माझ्यापुढं कोरा चहा ठेवायची. चंद्री असताना त्या घरात पाव्हण्याला दुधाचाच चहा मिळायचा, साय तरंगणारा. दाजी बशीत ओतत म्हणायचे, "मला कोराच बरा वाटतोय." ते आयुष्यात एवढं दोनदाच खोटं बोलले असतील. दोन्ही वेळा माझ्यासाठी.

यंदाही फोन आला, यंदाही गेलो. कळस निघाला होता. त्याच्या बुडाशी, जिथं दावं घासलं होतं तिथं खूण असेल का, हे मी दरवर्षी लांबूनच बघतो. जवळ गेलो नाही कधी. सरूआई जाऊन फार वर्षं झाली. गोठ्यात आता दोन म्हशी आहेत, चहा दुधाचा झाला आहे, पण गवती चहा त्याच खांबात. खांबाचा पांढरा रंग गेलाय आणि कडेचं चाक नातवंडांनी फिरवून फिरवून ढिलं केलंय. दाजी लिंबाखाली खाटेवर बसलेले. नजर गेली, कान शाबूत.

दारात माठवाल्याचा टेम्पो आला होता. कुसुमनं चार-पाच माठ उतरवून घेतले. एक उचलला, पेरानं वाजवला, थांबली. मग तो माझ्या मांडीवर ठेवला.

"तू वाजव रं दादा."

इतक्या वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. मी वाजवला.

"काय म्हणतोय?"

माठवाला माझ्याकडं बघत होता. माझ्या जिभेवर तीन-चार वाक्यं येऊन उभी राहिली, एकापेक्षा एक देखणी. मी ती गिळली. "बद्द वाजतोय," म्हणालो.

"येतंय की मग म्हणायला," कुसुम म्हणाली. "तवा काय झालं हुतं?"

खाटेवरून दाजी म्हणाले, "अगं, तवा बी म्हणाले हुते पाव्हणं. मीच ऐकलं न्हाय."

मी माठ खाली ठेवला. म्हणालो, "न्हाय दाजी. मी म्हणालो न्हवतो. मला ऐकू आलं हुतं. सरूआईला आलं तसंच आलं हुतं. तरी म्हणालो न्हाय."

दाजी आवाजाच्या दिशेनं माझ्याकडं वळले. आणि बोळक्या तोंडानं हसायला लागले, खाट हलेपर्यंत.

"ऐकलंस का गं? पाव्हण्यांचं निम्मंच धरायचं असतंय."

कुसुम हसली नाही. तिनं तो माठ बाजूला सारला आणि दुसरा माझ्यापुढं ठेवला.

"ह्यो वाजव," म्हणाली.